लिलावात देवधरकाका मराठीत काय म्हणाले

वीसेक वर्षं मी अनोळखी श्रीमंतांच्या वतीने हात वर करायची नोकरी केली. मंडळाच्या कार्यक्रमात कुणी विचारलं की मी सांगायचे, "जुन्या गाड्यांच्या लिलावात फोनवर असते." समोरच्याच्या चेहऱ्यावर हळूच दया उमटायची. त्याला वाटायचं, बिचारी कुठल्या तरी भंगारवाल्याकडे फोन घेते. मग जानेवारीत कधीतरी तोच माणूस घरी टीव्ही लावायचा आणि स्टेजच्या कडेला, कानाला फोन लावून मी घराएवढ्या किमतीच्या गाडीवर बोली लावताना दिसायचे. दुसऱ्या दिवशी मेसेज यायचा, "वहिनी, ते खरंच तुम्ही होता?"

मी मूळची नागपूरची. नवऱ्याच्या सॉफ्टवेअरच्या नोकरीमुळे कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला आले. वर्क परमिट हातात पडल्यावर मिळेल ते काम धरलं, ते या लिलाव कंपनीच्या ऑफिसात नावं-पत्ते टाइप करायचं. एका सीझनला फोनवरची मुलगी आजारी पडली आणि आमची सुपरवायझर लिंडा मला म्हणाली, "तुझा आवाज शांत आहे, तू बस." तेव्हापासून दर जानेवारीत मी अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटात, विमानाच्या हँगरएवढ्या मोठ्या तंबूत बसत आले.

काम सांगायला सोपं आहे. स्टेजवर एकामागून एक गाड्या येतात. पुकारा करणारा माणूस श्वास न घेता आकडे म्हणत असतो. हॉलमधले लोक आपल्या नंबराचं कार्ड वर करतात. जे घरी बसून घेणार असतात त्यांच्यासाठी आम्ही. फोनवरच्या माणसाचे डोळे आणि हात म्हणजे मी. सल्ला द्यायचा नाही, त्याचं नाव कुणाला सांगायचं नाही, आणि त्याला टीव्ही बघू द्यायचा नाही. टीव्हीवरचं चित्र काही सेकंद मागे असतं. ते बघून बोली लावणारा माणूस हातोडा पडून गेल्यावर 'हो' म्हणतो.

पहिली काही वर्षं मला नुसत्या आकड्यांचाच धक्का बसायचा. नवी गाडी शोरूमच्या बाहेर काढली की तिची किंमत उतरते, एवढं आपल्याला ठाऊक. इथे पन्नास वर्षांची म्हातारी, एसी नाही, धड सीटबेल्ट नाही, आणि तिच्यावर माणसं भांडण जुंपल्यासारखी तुटून पडायची. हळूहळू सवय झाली असं मला वाटत होतं.

मग एकदा माझ्या फोनवर एक बाई होत्या. नवऱ्याच्या वाढदिवसाला लाल रंगाची, छप्पर उघडणारी गाडी गुपचूप घ्यायची होती. स्वयंपाकघरातून कुजबुजत बोलत होत्या. समोर बोली लावत होता तो माझ्याच शेजारच्या मुलाच्या फोनवरचा माणूस. दोघंही हटेनात. किंमत दुप्पट झाली, त्याच्याही वर गेली, आणि बाई जिंकल्या. शेजारच्या मुलाने फोन ठेवला आणि म्हणाला, "बिचारा फार हळहळला. बायकोला सरप्राइज द्यायचं होतं. गॅरेजमधून बोलत होता, तिला ऐकू जाऊ नये म्हणून." आम्ही एकमेकांच्या कागदांवरची आडनावं पाहिली. पत्ता एकच. लिंडा खुर्चीतच बसून राहिली.

त्या नवराबायकोला जेवताना कळलं म्हणे, आणि ते हसले. पुढच्या वर्षी दोघांनी मिळून एकच नंबर घेतला. पण मला खरा धक्का नंतर बसला. तसलीच लाल गाडी पुढच्या लिलावात आली, तेव्हा टीव्हीवरचे तज्ज्ञ गंभीरपणे सांगत होते, "या मॉडेलचा भाव आता एवढा झाला आहे." आणि ती तेवढ्याला गेली! एका घराच्या दोन खोल्यांमधल्या गैरसमजातून निघालेला आकडा बाजारभाव होऊन बसला होता. त्यानंतर बाजारभाव हा शब्द ऐकला की मला ती लाल गाडी आठवायची.

हे हसण्यावारी नेता येतं. देवधरकाकांचं नाही नेता येत.

देवधरकाका आमच्या फ्रीमाँटचेच. पुण्याहून तरुणपणी ओहायोला शिकायला आले, तेव्हा पेट्रोल महागलं होतं आणि मोठ्या इंजिनाच्या गाड्या लोक मिळेल त्या भावाला काढून टाकत होते. काकांनी शेजारच्या एका प्राध्यापकाकडून गडद हिरव्या रंगाची, लांब नाकाची, दोन दारांची गाडी घेतली. कंपनीचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. जाणकार ओळखतील, बाकीच्यांचं त्यावाचून काही अडत नाही. लग्न करून शैलाकाकूंना आणलं ते याच गाडीतून. नोकरी लागली तेव्हा दोघं ओहायोहून कॅलिफोर्नियाला आले तेही याच गाडीतून, मागच्या सीटवर कुकर आणि रजया टाकून.

गाडी काकांची, पण ती जिवंत ठेवली राऊलने. राऊलचं जवळच हेवर्डला छोटंसं गॅरेज आहे. काकांच्याच आसपासच्या वयाचा, मेक्सिकोहून आलेला. तीसेक वर्षं तो रविवारी काकांच्या घरी यायचा, गाडीखाली शिरायचा, आणि काका शेजारी स्टुलावर बसून त्याला पाने द्यायचे. काकू दोघांना चहा द्यायच्या. राऊलने गाडी कधी मागितली नाही. एकदाच म्हणाला होता, "मिस्टर डी, जेव्हा हिला सोडाल तेव्हा आधी मला सांगा."

ती वेळ आली. काकांच्या डोळ्यांचं काही खरं राहिलं नाही, डॉक्टरांनी ड्रायव्हिंग बंद केलं. काका गाडी राऊलला सरळ देऊनच टाकणार होते. पण मुलगा निखिल, इथेच जन्मलेला, मराठी सगळं समजतं पण उत्तर इंग्रजीत, तो म्हणाला, "डॅड, डोन्ट जस्ट गिव्ह इट अवे. गेट द मार्केट प्राइस." त्याचं म्हणणं वावगं नव्हतं. म्हाताऱ्या आईवडिलांची कुणी फसवणूक करू नये एवढंच त्याच्या मनात होतं.

काका माझ्याकडे आले.

"अगं माधुरी, तुमच्या त्या टीव्हीवरच्या तमाशात माझी गाडी घेतील का?"

"घेतील की. पण किती येतील ते मला विचारू नका काका, मला सांगायची परवानगी नाही."

"मी सांगतो ना. पन्नास हजारांच्या आत जाईल. अशीच गाडी गेल्या वर्षी त्रेचाळीसला गेली, मी बघितली. राऊलची तेवढी तयारी आहे. तो तिथे येईल, चारचौघांत बोली लावेल, आणि घेईल. निखिलचं मार्केट प्राइस झालं, राऊलला गाडी मिळाली. कुणाला बोलायला जागा नाही."

काका इंजिनियर. प्रश्न सुटल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर मावत नव्हता. मलाही त्यात काही चूक दिसली नाही.

मी लिंडाला सांगून ठेवलं की विकणारे माझ्या ओळखीचे आहेत. ती म्हणाली, चालेल, फक्त तुझ्या फोनवरच्या माणसाशी त्यावर बोलू नकोस. काकांनी गाडी 'नो रिझर्व्ह' दिली. म्हणजे अमुक किमतीच्या खाली विकणार नाही अशी अट घातली नाही. अशी गाडी एकदा स्टेजवर चढली की मालकाला ती परत घेता येत नाही. राऊलला ती स्वस्तात पडावी म्हणून काकांनी हा मार्ग घेतला होता.

अ‍ॅरिझोनात सगळं छान चाललं होतं. राऊल फडकं घेऊन गाडीपाशी उभा. येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "रंग ओरिजिनल, इंजिन ओरिजिनल, मालक ओरिजिनल." तेवढ्यात टीव्हीवाल्यांची एक पोरगेली प्रोड्यूसर तिथून चालली होती. काका कुणाला तरी कुकर आणि रजयांची गोष्ट सांगत होते. ती थांबली. तिने विचारलं, फोटो आहे का? काकांच्या पाकिटात होता: गाडीच्या बॉनेटला टेकून उभ्या असलेल्या शैलाकाकू, काठाची साडी, पायात बर्फात चालायचे बूट.

तासाभरात त्याची फिल्म तयार झाली. नवी नवरी, अनोळखी देश, हिरवी गाडी. मागे व्हायोलिन. दिवसभर ती परत परत दाखवत होते. गाडीपाशी रांग लागली. लोक काकांबरोबर फोटो काढून घ्यायला लागले. काका खुशीत होते, राऊल तर त्यांच्याहून खुशीत. मीही फोटो काढून काकूंना पाठवला. एकटी लिंडा जाता जाता म्हणाली, "त्या फिल्मने आकड्यावर एक शून्य चढवलं." मला वाटलं, गंमत करतेय.

दुपारी माझ्याकडे टेक्सासचे एक गृहस्थ होते. अनेक वर्षं माझ्याच फोनवरून घेणारे. चेहरा कधी पाहिला नाही, पण खोकला ओळखीचा. मला मॅडी म्हणायचे. पत्र्याच्या गोदामात, थंड कोरड्या हवेत, त्यांच्या पुष्कळ गाड्या उभ्या असतात असं ऐकून होते. त्यांच्या आजच्या गाड्या ठरलेल्या होत्या. त्यात काकांची नव्हती. अचानक म्हणाले, "मॅडी, ती नवरीवाली हिरवी. ती मला हवी."

मी फोनवर हात ठेवून लिंडाला खूण केली. तिने सगळ्या खुर्च्यांकडे पाहिलं. प्रत्येकाच्या कानाला फोन होता. "दुसरं कुणी मोकळं नाही," ती म्हणाली. "तुला नियम माहीत आहेत."

हिरवी गाडी स्टेजवर आली. काका सुटाबुटात तिच्याशेजारी. पहिली बोली राऊलची: तीस हजार. काकांनी हसून मान हलवली. पस्तीस, चाळीस, पंचेचाळीस. राऊल पन्नासला. काकांनी खिशातला रुमाल काढून कपाळ टिपलं, आता संपलंच अशा बेताने.

"साठ," माझ्या कानात आवाज आला. मी हात वर केला.

राऊलने कार्ड खाली घेतलं.

पुढच्या रांगेत एक मोठी हॅट घातलेला माणूस बसला होता. त्याने सत्तर म्हटलं, आणि मग ते दोघं, तो आणि माझ्या फोनवरचे, थांबेचनात. लाख झाले. दीड लाख. लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. दोन लाख. पुकारा करणाऱ्याने कोट काढून फेकला. एवढ्या वर्षांत मी तो हॉल असा हललेला पाहिला नव्हता. काकांचं हसू चेहऱ्यावर तसंच होतं, पण काढायचं विसरून गेल्यासारखं. ते गर्दीत राऊलला शोधत होते. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात वरच होता.

ते तरातरा स्टेजच्या कडेला, माझ्या टेबलापाशी आले. दोन्ही हात हलवत ओरडले:

"अगं माधुरी, थांबव हे! मला नाही विकायची! राऊलला सांग, मला नाही विकायची!"

काकांचं इंग्रजी आपल्यापेक्षा सरस. पन्नास वर्षं त्यांनी त्याच भाषेत मीटिंगा गाजवल्या. पण त्या क्षणी त्यांना एवढंच आलं.

माइकवरचा निवेदक त्यांच्याकडे बोट दाखवून ओरडला, "बघा, बघा यांना! मला वाटतं हे म्हणतायत, थांबू नका!" हॉलने आरोळी ठोकली. हॅटवाल्याने एकदम पन्नास हजार वाढवले.

माझ्या कानात खोकला. "मॅडी, कोण ओरडलं? तो म्हातारा? काय म्हणाला?"

मी खरं ते सांगितलं. "सर, ते म्हणतात त्यांना विकायची नाही."

मग ते म्हणाले, आणि आवाजात चक्क समाधान होतं, "असं? मग गाडी अस्सल आहे. लाव पुढची."

मी हात वर केला. दुसरं काय करता आलं असतं, याचा विचार मी नंतर खूप केला. फोन टाकून दिला असता तर हॅटवाल्याला गेली असती. गाडी तेव्हा काकांची राहिलीच नव्हती. हे सगळं खरं आहे. तरी तो हात माझा होता.

चार लाख दहा हजार डॉलरला हातोडा पडला.

निवेदकाने काकांना मिठी मारली आणि तोंडापुढे माइक धरला. "हाउ डू यू फील, सर?" काका म्हणाले, "आय वॉन्ट टु सिट डाउन." लोक प्रेमाने हसले. निखिल धावत स्टेजवर आला, "डॅड! फोर टेन! फोर टेन!" आणि वडिलांचा चेहरा बघून तिथेच थांबला. तो मागच्या रांगेत होता. त्याला त्या गोंगाटात काहीच ऐकू आलं नव्हतं.

फ्रीमाँटला काकूंकडे शेजारपाजारची मंडळी टीव्हीसमोर जमली होती. काकूंनी मला नंतर सांगितलं, "सगळ्या टाळ्या पिटत होत्या गं. मी ह्यांचे हात बघत होते. आनंदात ह्यांचे हात असे कधी हलत नाहीत. मी टीव्ही बंद केला."

राऊल हॉलमध्ये नव्हता. पार्किंगमध्येही नव्हता. तो एकटाच आपल्या गाडीने घरी निघून गेला होता.

काकांनी त्याला फोन केले, त्याने घेतले नाहीत. निखिल त्यांना हेवर्डला घेऊन गेला. राऊल अदबीने बोलला, आणि तेच काकांना फार लागलं. म्हणाला, "मिस्टर डी, मी तिथे होतो. नंतर टीव्हीवरही पाहिलं. तुम्ही त्यांना हात करून पुढे चला म्हणत होता." काका म्हणाले, मी थांबा म्हणत होतो. राऊल म्हणाला, "एवढे पैसे समोर आले तर मीही बदललो असतो. त्याची लाज नको. पण मला खोटं सांगू नका." काकांनी घाबरून खिशातून चेकबुक काढलं, आणि उरलंसुरलं तिथे संपलं. राऊलने शटर अर्धं खाली ओढलं.

काका मंडळात यायचे बंद झाले. घरी टीव्ही लावत नसत. ती गाडी ज्या भावाला गेली त्याचा पुकारा मात्र चालूच होता. दोन महिन्यांत तसल्याच हिरव्या गाडीची जाहिरात मी पाहिली, मागणी साडेतीन लाख. गाडी स्वतः टेक्सासच्या गोदामात गेली. तिथून तिच्या विम्यासाठी आमच्या ऑफिसात फोन आला, तेव्हा फॉर्म भरताना आम्ही विचारलं, गाडीचा वापर काय. उत्तर आलं, वापर नाही.

एक दिवस काकूंचा फोन आला. "माधुरी, हे रात्रंदिवस एकच धरून बसलेत. तिथे हे काय म्हणाले ते ऐकलेली आणि समजलेली तू एकटीच आहेस."

गिऱ्हाइकाचं नाव सांगायचं नाही हा आमचा नियम. विकणारा मराठीत काय ओरडला ते सांगू नये असा नियम कुठेच नव्हता. तरी मला राऊलकडे जायची भीती वाटत होती. राऊलच्या पन्नासावर साठ म्हणणारा हात माझाच होता ना.

मी हेवर्डला गेले तेव्हा राऊल एका व्हॅनच्या खाली होता. बाहेर आला, मला पाहिलं.

"फोनवाली बाई," तो म्हणाला. "तूच घेतलीस."

"हो. दुसऱ्या कुणासाठी तरी."

"त्यांनी पाठवलं? पुन्हा चेक?"

"त्यांना माहीत नाही मी आलेय ते." आणि मी त्याला काका काय म्हणाले ते इंग्रजीत सांगितलं, शब्दाला शब्द. तो ऐकत राहिला. मग मान हलवली.

"टीव्हीवर निवेदक वेगळं सांगत होता."

"निवेदकाला मराठी येत नाही."

तो हात पुसत राहिला. "ते म्हणाले तसं म्हणून दाखव. तुमच्या भाषेत."

मी म्हटलं. आपण एरवी रोज बोलतो ती साधी वाक्यं, पण त्या ग्रीसच्या वासात, रेडिओवर स्पॅनिश गाणं चालू असताना म्हणताना माझाच आवाज कापला.

"माझं नाव आहे त्यात," राऊल म्हणाला.

"हो. 'राऊलला सांग.' टेल राऊल."

त्याने रेडिओ बंद केला. फोनवर तो व्हिडिओ शोधला. निवेदकाची आरोळी, गर्दीचा कल्लोळ, काकांचे हलणारे हात. त्याने पुन्हा लावला. पुन्हा. मग फोन कानाला चिकटवला आणि डोळे मिटून घेतले. काय ऐकायचं ते आता त्याला माहीत होतं. मला उभ्या जागी काही ऐकू आलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावरून कळलं की सगळ्या आवाजाच्या तळाशी त्याला आपलं नाव सापडलं. "देअर इट इज," तो हळूच म्हणाला, मला नाही, स्वतःलाच. मग माझ्याकडे पाठ करून बराच वेळ पाने जागेवर लावत राहिला. मी निघून आले.

पुढचा सीझन मी केला नाही. कारण विचारलं तेव्हा लिंडाला सांगितलं की आता आवाज शांत राहत नाही.

राऊलकडून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवारी, काकूंचा फोन आला होता. आवाज दबलेला, स्वयंपाकघरातून बोलत असाव्यात.

"राऊल आलाय गं. दोघं आमच्या रिकाम्या गॅरेजात स्टुलं टाकून बसलेत. मी चहा ठेवून आले."

"काय बोलतायत?"

"आत्ता राऊलने विचारलं, मिस्टर डी, एवढी जागा मोकळी झाली, आता या जागेचं काय करणार? हे म्हणाले, तू रविवारी येशील तेव्हा बसायला लागेल."